विजेला वाट देणारी मालनबाई

"तुमच्यात म्हनं शेनावर सैपाक करत्यात?" असं कुणी नाक मुरडून विचारलं, की मालनबाईला राग यायच्या जागी उलट हुरूपच यायचा. "करतो की! या, आत या, नाक लावून वास घ्या," म्हणत ती त्या माणसाला थेट शेगडीपाशी घेऊन जायची. बाई असली तर हाताला धरून, बाप्या असला तर नुसत्या आवाजाच्या जरबेनं. काडी ओढायची, कॉक फिरवायची, आणि निळा जाळ पेटला की कमरेवर हात ठेवून समोरच्याच्या तोंडाकडं बघत राहायची. त्या वेळी तिच्या चेहऱ्यावर जी ऐट असायची, ती पुढं लेकाच्या लग्नातसुद्धा दिसली नाही, असं तिचा नवराच सांगायचा.

नवरा म्हणजे कारभारी. नाव कारभारी, पण घरचा कारभार मालनबाईकडं. कशालाही "बघू" म्हणायचं आणि गोठ्याकडं निघून जायचं, हा त्याचा स्वभाव. काष्टीच्या बाजाराला पायी जाता येईल इतक्या अंतरावर, उसाच्या फडांमधे त्यांची वस्ती होती. बैलं, गाई, दोन म्हशी, शेणाला तोटा नव्हता. सत्तर साली मालनबाईनं हट्टानं गोबर गॅस बसवून घेतला, तेव्हा त्या बाजूला कुणाच्याच घरी तो नव्हता.

हट्टाला कारण होतं. मालनबाईचं माहेर शेवगावकडचं. तिच्या आईचे डोळे चुलीच्या धुरानं गेले होते. म्हातारी शेवटी लेकीला आवाजावरून ओळखायची आणि तोंडावरून हात फिरवून "वाळलीस गं" म्हणायची. ते मालनबाईच्या काळजात बसलं होतं. काष्टीच्या बाजारात नगरच्या दानीएल मिस्तरीनं गॅसची टाकी मांडून माहिती सांगितली, तेव्हा सगळे बैल बघायला पुढं गेले आणि ही बाई टाकीपाशी उन्हात उभी राहून एकेक गोष्ट खोदून खोदून विचारत बसली.

तशी गोष्ट साधी होती. गोठ्यामागं विहिरीसारखा गोल खड्डा बांधायचा, त्यात शेण पाण्यात कालवून सोडायचं. वर लोखंडी टाकी पालथी. शेण कुजलं की गॅस धरतो आणि टाकी हळूहळू वर उचलते. टाकीतून रबराची नळी, तिला जोडून भिंतीवरून गेलेला लोखंडी पाइप, आणि पाइपाच्या टोकाला शेगडी.

सासू बनुबाईनं पहिल्या दिवशी कपाळाला हात लावला. "शेनाच्या वाफंवर भाकरी? माझ्या मढ्यावर भाज!" पण पौर्णिमेची अमावस्या व्हायच्या आत ही म्हातारी शेगडीपुढून हलेना. उगीच दूध तापव, उगीच पाणी तापव. सून म्हणाली, "आत्याबाई, गॅस संपंल," तर म्हणायची, "संपू दे, म्हशी काय उपाशी हायत?"

शेजारच्या वस्तीवर कारभारीचा चुलतभाऊ छगन राहायचा. त्याची बायको पुष्पावती नवीन, वयानं लहान, आणि मालनबाईवर तिचा भारी जीव. अक्का करतील ते आपण करायचं, हा तिचा नेम. अक्कांनी दारात गोकर्ण लावली, हिनं लावली. अक्कांनी गॅस घेतला, हिनं छगनच्या मागं लागून हिवाळ्यात टाकी उभी केली. शेगडीसुद्धा त्याच कोपऱ्यात. अक्कांच्या अंगणातल्या लिंबापासून स्वयंपाकघराच्या भिंतीपर्यंत धुणं वाळवायची तार होती, आणि तिचं भिंतीकडचं टोक गॅसच्या पाइपाला गुंडाळलेलं होतं, कारण पाइप भिंतीत घट्ट आणि आयता. पुष्पावतीच्याही अंगणात लिंब होता. तिनंही तशीच तार ओढली. मालनबाईनं स्वतः पिळे मारून दिले. दोघींनाही त्यात काही वावगं वाटलं नाही, आणि कुणाला वाटणार हो? अख्ख्या वस्तीनं ती तार बघितली होती, कुणी हूं का चूं केलं नाही.

एकाहत्तरच्या वैशाखात, दिवस कलायला आलेला असताना, आभाळ एकाएकी काळं झालं. पुष्पावती शेगडीवर भाकरी टाकत होती. तान्हं पोर आढ्याला बांधलेल्या झोळीत झोपलं होतं. वीज अंगणातल्या लिंबावर पडली, तारेवरून धावत आली आणि पाइपात शिरली. भिंतीवरच्या पाइपातून वीतभर, मग हातभर जाळ बाहेर आला आणि उसाच्या पाचटाच्या छपरानं पेट घेतला. पुष्पावतीनं जळत्या छपराखालून झोळी ओढून काढली. छगननं धावत जाऊन टाकीवरचा कॉक बंद केला म्हणून आग तेवढ्यावर राहिली. पोराला साधा चटकासुद्धा बसला नाही. पुष्पावतीचे दोन्ही हात मात्र कोपरापर्यंत भाजले.

दुसऱ्या दिवसापासून एकच बोलणं सुरू झालं: गॅसनं इज वडली. ज्याच्या शब्दाबाहेर वस्तीवर कुणी जात नसे तो श्रीमंतनानाच म्हणाला, "जिमिनीतली वाफ डांबून ठिवायची म्हंजी इजंला आवतानच की!" झालं! नाना बोलला की विषय मिटला. बाया मालनबाईच्या अंगणातून जायच्या बंद झाल्या.

त्याचं मालनबाईला काही वाटलं नाही. लोकांच्या तोंडाला पुरून उरणारी बाई ती. पण नगरच्या दवाखान्यात पुष्पावतीला भेटायला गेली, तेव्हा दोन्ही हातांना पांढऱ्या पट्ट्या बांधलेल्या त्या पोरीनं तिच्याकडं बघितलं आणि इतकंच म्हणाली, "अक्का, तुमी म्हनला म्हनून केलं." आणि तोंड भिंतीकडं वळवलं.

मालनबाई एसटीत बसून परत आली. शिव्या दिल्या असत्या तर सोसलं असतं. हे मात्र सोसवेना.

घरी न जाता ती सरळ छगनच्या जळक्या स्वयंपाकघरात शिरली. भिंत काळी, शेगडी वाकडी, पाइप मात्र जागेवर. ती पदरानं पाइप पुसत गेली. एका जागी वाटाण्याएवढं भोक होतं, कडा वितळून गोल झालेल्या. आणि त्या भोकाला चिकटून तारेचा जळका पीळ. तिनं स्वतः मारलेला.

 मालनबाई पदर खोचून पळतच आपल्या अंगणात आली. तिच्या तारेवर कारभारीचं धोतर वाळत होतं. धोतर खाली फेकलं, पकड आणली आणि पाइपावरचा पीळ उलटा फिरवून तार सोडवली. कारभारी "अगं, काय झालं?" विचारत राहिला. 

शनिवारी तिनं काष्टीच्या बाजारात दानीएल मिस्तरीला गाठलं आणि बैलगाडीत घालूनच आणलं. दानीएल नगरच्या मिशनच्या कारखान्यात शिकलेला, पोक्त माणूस. भोक बघून त्यानं टोपी काढली आणि बराच वेळ हातात फिरवत राहिला.

"वैनी, हे माझ्याही डोक्यात आलं नाही," तो म्हणाला. "टाकी ओल्या शेणात बसलेली आहे, तिला जमीन मिळालीय. पण मधे रबराची नळी आली. तिथून पुढं तुमचा पाइप भिंतीवर अधांतरी. त्यात तुम्ही झाडावरून तार आणून दिलीत. विजेला तुमच्या घरात काही काम नसतं. तिला जमिनीत जायचं असतं. वाट नाही मिळाली की ती उडी मारते, आणि त्या उडीत ठिणगी असते."

"मग वाट करून दिऊ तिला," मालनबाई म्हणाली. "हुतंय का तसं?"

"होतंय. आमच्या मिशनच्या देवळाच्या मनोऱ्यावर सळई आहे, तिची पट्टी भिंतीवरून थेट जमिनीत गेलीय. तेच इथं करायचं. फक्त पाइप, टाकी, पत्रा, सळई, सगळं एकमेकांना बांधायचं. एकाला बांधलं आणि दुसऱ्याला सोडलं, तर मधे पुन्हा उडी."

आता एवढं सगळं कळलं, पण करू कोण देणार? मिस्तरी रात्री वस्तीवरच राहिला, आणि दुसऱ्याच दिवशी श्रीमंतनाना चार माणसं घेऊन अंगणात येऊन बसला. टाकीच उपटून टाका, म्हणाला. आज छगनचं जळलं, उद्या वाऱ्यानं आमचीही पाचटं पेटतील. कारभारी "बघू" म्हणाला. बघूची वेळ नव्हती ती, पण सवय कुठं जाते!

मालनबाई दारात येऊन उभी राहिली. "नाना, गॅसची चूक न्हाई. तार पायपाला बांधली ती चूक. आन ती बांधायची मी दाखवली. पुष्पीचे हात माझ्यामुळं भाजले. हे आधी ऐका, मग टाकीचं बोला."

 एका बाईनं चार बाप्यांसमोर असं बोलावं, ही काही रोजची गोष्ट नव्हती. मालनबाई सासूकडं वळली.

"आत्याबाई, आभाळ गरजायला लागलं की तुमी आधी काय करता?"

"काय करते? पहार अंगनात टाकते. माझी सासूबी टाकायची."

"कशापायी?"

"कशापायी म्हंजी? लोखंडावर पड बाई, घर सोड म्हनून!"

"मग मिस्तरी तेच म्हनतोय. तुमी पहार आडवी टाकता, तो म्हनतो उभी पुरा आन पायपाला बांधा. नुसत्या टाकलेल्या पहारीवर इज आली तर पुढं जानार कुठं? घरातच न्हवं?"

बनुबाईनं डोळे बारीक केले. जन्मभर ती पहार फेकत आली होती. पावसात भिजून खोकला धरला होता, एकदा तर स्वतःच्याच पायावर टाकून घेतली होती. पण ती फेकल्यावर पुढं काय होतं, हे तिला कुणी विचारलंच नव्हतं. म्हातारी उठली, आत गेली आणि पहार घेऊन आली.

"घ्या, मिस्तरी. आन नीट खोल पुरा, उगं वरवर खुपसू नका," ती म्हणाली. मग श्रीमंतनानाकडं वळून, "तू रं, शिरमंता? तुझी आई काय टाकायची अंगनात?"

"पहारच," नाना पुटपुटला.

"मग ऊठ आन खड्डा घे!"

नानानं खड्डा काही घेतला नाही, पण तो उठून मात्र गेला, आणि टाकी उपटायची गोष्ट तिथंच मिटली. दानीएलनं भिंतीपासून थोडं लांब पुरुषभर खड्डा घेतला. ओल धरावी म्हणून त्यात कोळसा आणि मीठ घालून पहार उभी गाडली. तिला लोखंडी पट्टी जोडून ती पाइपाला आवळली, टाकीलाही रबरी नळीच्या बाजूनं तार दिली. छपराच्या वर, सगळ्यात उंच, टोकदार सळई उभी केली. रोज त्या खड्ड्यात घागरभर पाणी ओतायचं काम बनुबाईनं आपणहून घेतलं. पुढं दोन-तीन वर्षांत वस्तीवर जितक्या टाक्या आल्या, तितके खड्डे आधी खणले गेले. श्रीमंतनानानंही टाकी घेतली आणि खड्डा बघायला मालनबाईलाच बोलावलं. "ह्यात कोळसा कमी हाय, नाना," म्हणून तिनं तो परत उकरायला लावला. मनातून तिला काय गुदगुल्या झाल्या असतील, सांगायलाच नको.

पण ते सगळं नंतरचं. त्या आषाढात मालनबाईला फक्त पुष्पावतीची पडली होती. ती दवाखान्यातून घरी आली होती. छगननं स्वयंपाकघर पुन्हा उभं केलं, वर पत्रे घातले, पाइपही बदलला. पुष्पावतीनं मात्र त्या स्वयंपाकघराकडं पाठ फिरवली आणि पडवीत तीन दगड मांडून चूल पेटवली. आखडलेल्या बोटांनी काटक्या मोडायची, फुंकणी धरता यायची नाही, धुरानं डोळे लाल. ते लाल डोळे बघितले की मालनबाईला आई आठवायची. आपल्या आईचे डोळे वाचवता आले नाहीत, आणि या पोरीला आपणच पुन्हा धुरात ढकललं, असं तिला वाटायचं.

"पुष्पे, मी मिस्तरीला सांगून तुझ्यात सळई आन पहार बसवते," ती म्हणाली. "शेगडी पेटवू नको. नुसतं बसवून घे."

"इज आली की सगळं जातंय अक्का. तुमचं घर लांब हाय, तुमाला बोलायला काय?"

हे मालनबाईला लागलं.  मग म्हणाली, "बरं. इथून पुढं जवा जवा आभाळ गरजंल, तवा मी तुझ्या घरात आसंन. तुझ्या पत्र्याखाली. माझं घर सोडून."

पुष्पावती काटक्या मोडत राहिली. छगननं मात्र मान हलवली, आणि दानीएल येऊन सगळं बसवून गेला.

मालनबाई शब्दाला पक्की. ढग दाटले, की गोणपाटाची खोळ डोक्यावर घेऊन ही निघालीच बांधावरून. आभाळ गरजायच्या आत पोचायचं, वाटेत उघड्यावर सापडायचं नाही, हे दानीएलनं बजावलं होतं. हातातलं पीठ तसंच, कधी भाकरी तव्यावर तशीच. लोक हसायचे. "निघाली बघा इजंची पाव्हनी!" कारभारीसुद्धा एकदा हसला आणि रात्री त्याला शिळी भाकरी मिळाली. श्रावण गेला, भादवा गेला. ढग यायचे, गुरगुरायचे आणि भीमेकडं निघून जायचे. दोघी जणी भिंतीपासून लांब, खोलीच्या मधोमध घोंगडीवर बसायच्या, मधे पोर. पुष्पावती कामापुरतं बोलायची. मालनबाई, जिचं तोंड एरवी मिटत नसे, तीही गप्प बसायची. अशा वेळी बडबड करून चालत नाही, एवढं तिला कळत होतं.

हस्त नक्षत्रात एका दुपारी मात्र आभाळ फाटलं. मालनबाई पोचली तेव्हा छगननं टाकीवरचा कॉक बंद केला होता. दोघी पोराला घेऊन घोंगडीवर बसल्या, छगन शेजारी. पत्र्यावर पाऊस असा ताडताड पडत होता की बोललेलं ऐकू येईना. आणि मग डोळ्यांपुढं पांढरं झालं. आवाज असा झाला की जमीन ढुंगणाखालून निसटली असं वाटलं. पोर किंचाळलं. पुष्पावतीनं मालनबाईचं मनगट धरलं ते रक्त येईपर्यंत. मालनबाईला, खरं सांगायचं तर, जन्मात वाटलं नव्हतं इतकं भ्या वाटलं. आपण या पोरीला दुसऱ्यांदा बुडवलं, असंच तिच्या मनात आलं. वास कसला येतोय, जाळ कुठनं निघतोय, म्हणून ती छपराकडं बघत राहिली.

जाळ निघाला नाही.

पाऊस ओसरून गडगडाट लांब गेल्यावर सगळी बाहेर आली. सळईचं टोक वितळून बोथट झालं होतं. पट्टीलगतचा गिलावा खालपर्यंत उडाला होता. खड्ड्यावरची माती फुटून तिच्यातून वाफ येत होती. पत्रा शाबूत, भिंत शाबूत, पाइप शाबूत. छगन त्या वाफेकडं बघत नुसता "आयला, आयला" करत होता.

मालनबाई आत आली. तिनं रिठे कुस्करून वाटीत फेस केला, छगनला कॉक उघडायला सांगितलं आणि दानीएलनं शिकवल्यासारखा पाइपाच्या प्रत्येक सांध्याला फेस लावला. बुडबुडा आला तर गॅस गळतोय. एकही आला नाही. तिनं हात पुसला आणि सवयीनं आगपेटी उचलली.

"अक्का, सरका."

मालनबाईनं वळून बघितलं. पुष्पावती पोराला छगनकडं देऊन पुढं आली होती.

"सरका की. शेगडी माझी हाय."

मालनबाई सरकली. पुष्पावतीनं काडी ओढली, आखडलेल्या बोटांतून ती खाली पडली आणि विझली. दुसरी मोडली. मालनबाईचा हात आपोआप पुढं गेला, पण तिनं तो मागं घेऊन पदरात घट्ट गुंडाळला. तिसरी काडी पेटली. पुष्पावतीनं कॉक फिरवला आणि तोंड न फिरवता, डोळे न मिटता काडी शेगडीला लावली. निळा जाळ गोल पेटला.

अभिमान अभिमान म्हणतात तो मालनबाईनं पुष्कळ मिरवला होता, पण तो आपल्या टाकीचा, आपल्या शेगडीचा. आज जे छातीत दाटलं ते दुसरीच्या हातासाठी होतं, आणि ते मिरवायला तिला तोंड उघडता येईना. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. धूर नव्हता, त्यामुळं सबबही सांगता येईना.

पुष्पावतीनं चहाचं आधण ठेवलं. बशीत ओतून पहिला चहा तिनं मालनबाईपुढं केला आणि स्वतः समोर बसली. "कसा झालाय, अक्का?"

गूळ टाकायला ती साफ विसरली होती. मालनबाईनं बशी तोंडाला लावली, सगळा चहा प्याली आणि बशी पुन्हा पुढं केली.

"आजूक दे," ती म्हणाली.